शकूताई आणि उशिरा येणारा आवाज

कुठल्याही नव्या खोलीत शिरलं की शकूताई पोतनीस आधी एक टाळी वाजवत. मग मान थोडी तिरकी करून ऐकत. टाळी भिंतीवर आपटून परत यायला किती वेळ लागतो आणि परत येताना तिचं काय काय गळतं, हे त्यांना समजून घ्यायचं असे. ज्यांच्या घरी त्या पहिल्यांदाच जात त्यांना वाटे, बाई आरती सुरू करतायत. मग तेही भीत भीत एखादी टाळी वाजवत. देवासला आमच्या कॉलनीजवळ बँकेची नवी शाखा उघडली तेव्हा कॅशियरसमोर उभं राहून त्यांनी टाळी वाजवली आणि "छत फार उंच केलंत, इथे कुणाचं बोलणं कुणाला कळायचं नाही" असं मॅनेजरला सांगून आल्या. एकदा आम्ही कुणाच्या तरी घरी दुखवट्याला गेलो होतो. नवा बांधलेला रिकामा हॉल, गुळगुळीत फरशी. शकूताईंचे दोन्ही हात छातीपर्यंत आले. मी शेजारीच होतो, मी डोळे वटारले. त्यांनी हात तसेच जोडले आणि समोरच्यांना नमस्कार केला. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "वाचले मी. पण काय घुमला असता तो हॉल, मोरेभिया."

मोरेभिया म्हणजे मी. माझे वडील कराडहून देवासच्या कारखान्यात आले आणि मीही पुढे तिथेच चिकटलो. शकूताई धारच्या. त्यांचे आजोबा संस्थानच्या दप्तरात मोठ्या हुद्द्यावर होते आणि त्या घरातली मराठी संस्थानाबरोबर खालसा झाली नव्हती. "आपण यावे, आपण बसावे" असं त्या मला म्हणत, तेव्हा मी माझ्या पायजम्याकडे बघून घेई. पण ही धारची मराठी फार वेळ टिकत नसे. मराठीत सुरू झालेलं वाक्य हिंदीला हात लावून मालवीत उतरे. "आपण बसावे मोरेभिया, मैं अभी आई, दूध उफन रिया है." माझ्या मुलांना त्यांचं बोलणं माझ्यापेक्षा चांगलं कळायचं.

त्या कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत होत्या. मुलांना प्रयोग लावून द्यायचे, मीटर सांभाळायचे, हे त्यांचं काम. एखादी मुलगी रडवेली होऊन यायची, "मैडम, मेरी रीडिंग हर बार गलत आ रही है." बाकीचे शिक्षक म्हणत, नीट कर. शकूताई मुलीला स्टुलावर बसवत, आणि स्वतः वाकून तारा हलवून बघत. "माणूस शेवटी तपासायचा," असं त्या म्हणत. "आधी तार. मग मीटर. मग टेबल हलतंय का ते. हे सगळं ठीक निघालं तर मग माणूस." त्यामुळे मुली लाडावतात असं प्राचार्यांचं मत होतं. शकूताईंचं मत असं होतं की प्राचार्यांच्या टेबलाचा एक पाय आखूड आहे.

नवं शतक नुकतंच लागलं होतं तेव्हा त्यांनी संगणक घेतला. कॉलनीत बाकी घरांत संगणक आले ते मुलांच्या अभ्यासासाठी, आणि अभ्यास नसताना त्यांच्यावर क्रोशाचं झाकण घातलेलं असे. शकूताईंच्या संगणकाला साधं त्याचं स्वतःचं झाकणही नसे. एक बाजू कायम उघडी, आतला पंखा फिरताना दिसायचा. आमचं एक भजनी मंडळ होतं, दर गुरुवारी बसणारं. शकूताई गायच्या, मी पेटी वाजवायचो, तबल्यावर व्यासजी नावाचे आमचे एक अस्सल मालवी स्नेही. आपल्या मंडळाची भजनं आपणच घरी रेकॉर्ड करायची असं शकूताईंनी ठरवलं. त्यांनी एक जुना की-बोर्ड पैदा केला आणि तारेने संगणकाला जोडला. पट्ट्या मी दाबायच्या, आणि पेटीचा, तंबोऱ्याचा, सनईचा, हवा तो आवाज संगणकाने काढायचा.

पहिल्या दिवशी मी मोठ्या थाटात पट्टी दाबली. काही झालं नाही. मी शकूताईंकडे बघितलं, आणि तेवढ्यात सूर वाजला. दुसरी दाबली. तोही असाच, मागून पाय ओढत आला. मी म्हटलं, हा खराब आहे. शकूताईंचा चेहरा मात्र उजळला होता. काहीतरी बिघडलंय म्हटलं की त्यांना सण असल्यासारखं वाटे.

दोन दिवसांनी त्यांनी मला जिन्यात गाठून समजावून सांगितलं. देवासला त्या वर्षांत पाणी कसं यायचं हे ज्याला ठाऊक आहे त्याला ते चटकन कळेल. "संगणक आवाज आला तसा लगेच पुढे देत नाही," त्या म्हणाल्या. "आधी साठवतो, साठा भरला की पुढे ढकलतो. त्या साठ्याला बफर म्हणतात. आता आपल्याकडे नळ आला की आपण काय करता?"

"ड्रम भरतो."

"आणि तो भरेस्तोवर आत वहिनी कोरड्या हाताने बसलेल्या. तेच तांब्याने नेलंत तर? पाणी लगेच आत पोचलं. पण फेऱ्या किती होतील? जरा पाय अडखळला की आत धार तुटली."

"मग घागर घ्यायची," मी म्हणालो. मला वाटलं मी फार हुशारीचं बोललो.

"घ्या ना. पण उचलायची कुणी? तो जो उचलणारा गडी आहे, त्याला ड्रायव्हर म्हणतात. साउंड कार्ड आणि संगणक यांच्यामध्ये तो ये-जा करतो. आपल्याला जो फुकटात सोबत मिळालाय तो सगळ्या घरची कामं करणारा आहे. सिनेमा दाखव, घंटी वाजव, गाणं लाव. त्याला फक्त ड्रम ढकलता येतो. दूसरा आदमी ढूँढना पड़ेगा, भिया."

दुसरा गडी मिळेपर्यंत आम्ही पहिल्यावरच भागवलं. रोज संध्याकाळी कारखान्यातून आलो की मी त्यांच्याकडे तासभर की-बोर्ड बडवायचो. मध्येच लाइट जायची, त्या दिवसांत ती कितीदा जायची ते विचारू नका, आणि आली की पुन्हा पहिल्यापासून. पण हळूहळू जमायला लागलं. सूर माझ्याबरोबर येऊ लागले. मला वाटलं, मशीन सुधारलं.

पुढच्या गुरुवारी मंडळात मी माझ्या खऱ्या पेटीवर बसलो. शकूताईंनी भजन उचललं, व्यासजींनी ठेका धरला, आणि दुसऱ्या ओळीपासून काहीतरी विचित्र व्हायला लागलं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. व्यासजींनी डग्ग्यावरचा हात उचलला आणि भर भजनात म्हणाले, "ओ मोरेभिया, कां दौड़ रिया हो? बस छूट री है कंई?"

मी प्रत्येक सूर आधी वाजवत होतो. किंचित, पण प्रत्येक. मशीनचा उशीर भरून काढायची माझ्या बोटांना सवय लागली होती आणि ही गोष्ट बोटांनी मला न विचारता परस्पर केली होती. जन्मभर पेटी वाजवलेला मी मान खाली घालून बसलो. व्यासजींचं तोंड चालूच होतं. आणि शकूताई, देवासमोर, टाळ हातात घेऊन उभ्या राहिल्या. चेहऱ्यावर एवढा आनंद की मला त्यांचा रागच आला.

"मोरेभिया बेताल झाले," त्या म्हणाल्या. "बघितलंत ना सगळ्यांनी? चांगला माणूस होता. मशीनने बेताल केला." आणि मग एकदम आवाज उतरला. "म्हणजे आबाचंही हेच झालं असणार."

त्या दिवशी भजन पुढे झालंच नाही. सतरंजीवर बसून शकूताईंनी आम्हाला त्यांच्या थोरल्या भावाची गोष्ट सांगितली. आबा अमझेऱ्याच्या शाळेत गणिताचे मास्तर होते आणि राहायला धारला. धारच्या एका दत्तमंदिरात त्यांचं गाणं असायचं. गवई म्हणून नव्हे, घरचं देवाचं काम म्हणून, पण ऐकायला लोक अमझेऱ्याहून येत, आणि गंधवानीकडचे त्यांचे जुने विद्यार्थी बाजाराच्या दिवशी आले की मुक्काम करत. नव्वदच्या दशकाच्या शेवटी या लोकांनीच हट्ट धरला की मास्साबची एक कॅसेट निघाली पाहिजे. इंदूरला कुणीतरी नव्यानेच संगणकावर स्टुडिओ काढला होता. आबांना तिथे काचेच्या खोलीत उभं केलं, कानांवर हेडफोन चढवले. सकाळपासून दुपारपर्यंत ते गात राहिले आणि त्यांचं एकही पद ठेक्यात बसलं नाही. शेवटी स्टुडिओवाला सगळ्यांदेखत म्हणाला, "मास्साब, आपकी लय ही नहीं है. बुढ़ापे में चली जाती है."

आबा धारला परत आले आणि त्यांनी गाणं सोडलं. मंदिरात जायचे, मागे बसायचे. "मी धारला गेले की दोघं आरतीला उभे राहतो ना आम्ही," शकूताई म्हणाल्या, "तर पोरंसोरंसुद्धा टाळ्या वाजवतात. आबा हात जोडून उभा असतो. टाळी वाजवत नाही. म्हणतो, माझ्यामुळे दुसऱ्यांची चुकेल."

एवढ्या वर्षांत शकूताईंच्या घरी मी किती वेळा चहा प्यायलो असेन, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. ते त्यांनी पदराने पुसलं आणि लगेच म्हणाल्या, "चला. गडी शोधायचा."

त्यानंतरचे दिवस आठवले की मला अजून धाप लागते. बसस्टँडजवळच्या सायबर कॅफेत शकूताईंची एक खुर्ची ठरलेली होती. जगभरचे गाणीबजावणीवाले लोक कुठल्याशा पानावर एकमेकांना प्रश्न विचारत, त्यात त्या जाऊन आपला प्रश्न विचारत. ते लोक त्यांना एखादा तरुण पोरगा समजून उत्तरं द्यायचे. शकूताईंनी कधी सुधारलं नाही. म्हणायच्या, "पोरगा समजून नीट सांगतायत, मावशी समजले तर आशीर्वाद मागत बसतील." जो ड्रायव्हर सापडेल तो फ्लॉपीवर घ्यायचा, फ्लॉपी पर्समध्ये, पर्स छातीशी, आणि घराकडे जवळजवळ पळत. कितीदा तरी अर्धा उतरलेला असताना लाइट जायची. कॅफेवाल्याने एकदा चहा पुढे करून विचारलं, "मैडम, इतनी अर्जेंट क्या चीज है?" शकूताई म्हणाल्या, "मेरे भाई की इज्जत है." तो बिचारा घाबरून पुढचे दोन दिवस काही बोलला नाही.

तपासायची त्यांची पद्धत अगदी प्रयोगशाळेतली. एक तार घ्यायची. तिचं एक टोक संगणकाच्या आवाज बाहेर सोडणाऱ्या भोकात, दुसरं आवाज आत घेणाऱ्या भोकात. मग संगणकाकडून एक टिचकी वाजवून घ्यायची आणि तीच त्याच्याकडून रेकॉर्ड करून घ्यायची. पडद्यावर दोन उंचवटे दिसत, गेलेल्या टिचकीचा आणि परत आलेल्या टिचकीचा. त्यांच्यामध्ये जेवढी मोकळी जागा तेवढा त्या ड्रायव्हरचा आळस. सोबत आलेल्या गड्याची जागा एवढी मोठी होती की शकूताई म्हणाल्या, यात एक खाट मावेल. दुसरा आणला, तो चपळ निघाला, पण आवाजात फोडणी तडतडल्यासारखं व्हायचं. तिसरा लावल्याबरोबर पडदा निळा झाला आणि संगणकाने बोलणं टाकलं. त्या दिवशी मी म्हटलं, पुरे. त्यांनी ऐकलं नाही, रात्रीपर्यंत विंडोज पुन्हा चढवून मोकळ्या झाल्या.

मग त्यांना तो सापडला. असियो नावाची ड्रायव्हरांची एक जात आहे, खास गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी केलेली. मधल्या साऱ्या पायऱ्या चुकवून ती थेट साउंड कार्डाशी बोलते. ती महागाच्या कार्डांबरोबर मिळे, आणि आमचं कार्ड अगदीच सामान्य. पण कुणा भल्या माणसाने साध्या कार्डांवरही चालेल असा एक करून फुकट ठेवून दिला होता. तो एका फ्लॉपीत मावला. त्यात बफर केवढा ठेवायचा हे आपल्याला ठरवता यायचं. शकूताई एकेक पायरी खाली उतरत गेल्या. दोन उंचवटे जवळ येत गेले. सगळ्यात खालच्या पायरीवर पुन्हा तडतड सुरू झाली, तेव्हा त्या एक पायरी वर आल्या. संगणक विकणारा इंदूरचा मुलगा तेव्हा दुरुस्तीला आलेला होता. तो म्हणाला, "मैडम, सबसे छोटा नंबर रखो, वही बेस्ट होता है."

"बेस्ट कुणाला?" शकूताई म्हणाल्या. "मला आकडा मिरवायचा नाही, भिया. मुझे वो चाहिए जो पूरे भजन में न टूटे." मग त्यांनी पडद्यावर पोहणारे मासे बंद केले, व्हायरस शोधणारा पहारेकरी झोपवला, कधी न वापरलेलं इंटरनेटचं यंत्र काढून ठेवलं. संगणकाला गाण्याशिवाय दुसरं काम उरलं नाही. त्यावर पायरी आणखी एक खाली सरकली आणि तडतड झाली नाही.

त्यांनी हेडफोन कानांवर चढवले आणि माइकसमोर टाळी वाजवली. तशाच उभ्या राहिल्या. पुन्हा वाजवली. मग हेडफोन माझ्या डोक्यावर घातले आणि माझे हात धरून माझ्याकडून वाजवून घेतली. टाळी हातातून निघाली ती थेट कानात. मध्ये काही नाही. एवढ्याशा गोष्टीने माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. शकूताई जिना उतरून धावत गेल्या आणि घरमालकीणबाईंना पिठाच्या हातांसकट वर घेऊन आल्या. मग शेजारच्या आल्या, मग समोरच्या. त्या संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांनी रांगेत उभं राहून हेडफोन लावून टाळ्या वाजवल्या, आणि प्रत्येकीला काय विशेष आहे ते शकूताईंनी पाण्याच्या ड्रमापासून समजावून सांगितलं.

आबा देवासला येणं शक्यच नव्हतं, म्हणून संगणक धारला न्यायचा ठरला. व्यासजींच्या ओळखीची जीप होती. मागे गाद्यांमध्ये मॉनिटर, त्याच्याशेजारी तबला. पुढे शकूताई, आणि संपूर्ण रस्ता त्या मागे वळून वळून विचारत होत्या, "हललं का काही?" पोचल्यावर आबांच्या दोन खोल्यांच्या घरात त्यांनी शिरल्या शिरल्या टाळी वाजवली आणि म्हणाल्या, "बरी आहे. पडदे सोडा." त्यांच्या वहिनी, म्हणजे आबांच्या पत्नी, दारात उभ्या होत्या. त्या मला हळूच म्हणाल्या, "अहो, ते गात नाहीत. एवढं ओझं उगाच आणलंत. त्यांना पुन्हा लागेल काहीतरी मनाला."

आबा उंच, कोरडे, इस्त्रीच्या सदऱ्यातले. त्यांनी सगळं जोडून होईपर्यंत शांतपणे बघितलं. मग म्हणाले, "शकू, मशीनवर आळ घेणं सोपं असतं. आमच्याकडे मुलं नापास झाली की पेनवर घेत."

"आपण गाऊच नका," शकूताई म्हणाल्या. त्या भावालाही आपण म्हणत. "हे कानांवर लावा आणि फक्त पाढा म्हणा."

"कुठला?"

"एकोणतिसाचा."

आबांना हसू आलं असावं. अमझेऱ्याच्या किती पिढ्यांना त्यांनी तो पाढा म्हणायला लावला होता, झोपेतून उठवलं तरी त्यांना तो आला असता. शकूताईंनी संगणकावर जुनाच, ड्रम ढकलणारा ड्रायव्हर लावलेला होता. कान झाकून बसणारे हेडफोन, समोर माइक. आबांनी सुरुवात केली. "एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठा... अठ्ठाव... वन्न. एकोणतीस त्रिक..." आणि ते थांबले. पुन्हा सुरुवात केली. शब्द ओढल्यासारखे लांबत होते, एक अक्षर दोनदा येत होतं. तिसऱ्यांदा तर दुसऱ्याच ओळीवर अडखळले. वहिनी पुढे झाल्या, त्यांना वाटलं काही दुखलं-खुपलं. आबांनी हेडफोन काढले आणि तोच पाढा उघड्या कानांनी एका दमात दाहेपर्यंत म्हणून टाकला. हेडफोन घातले, पुन्हा अडखळले.

गाण्यातली लय म्हातारपणी जाते असं कुणी सांगितलं तर माणूस ऐकून घेतो. पण एकोणतिसाचा पाढा जातो हे आबा मास्तर कसं ऐकून घेणार? शकूताईंनी माऊस हलवला, दोनदा काहीतरी दाबलं आणि म्हणाल्या, "आता म्हणावा."

"एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी, एकोणतीस चोक सोळोत्तरशे." पाढा घरंगळत खाली गेला. हेडफोन कानांवरच होते.

"आत्ता काय केलंस?"

"ड्रायव्हर बदलला. मघाशी आपला आवाज आपल्याला उशिरा ऐकू येत होता. आपण तेच आहात."

आबांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले. मग विचारलं, "इंदूरला आवाज उशिराचा होता?"

मला वाटलं शकूताई आता हो म्हणतील. ज्यासाठी एवढा आटापिटा केला ते एक अक्षर होतं. पण त्या म्हणाल्या, "ते मी शपथेवर सांगू शकत नाही. मी तिथे नव्हते. पण त्यांनी मशीन तपासलं नाही आणि दोष आपल्यावर घातला, एवढं नक्की. आपणच सांगा. तिथे कसं ऐकू येत होतं?"

"असंच," आबा म्हणाले. "मी सूर लावायचा आणि मागून कुणीतरी माझी नक्कल करायचं. मग मी त्याच्यासाठी थांबायचो. आणि थांबलो की तबला पुढे निघून जायचा." ते बोलता बोलता थांबले. "शकू, एवढी वर्षं मी देवासमोर हात बांधून उभा राहिलो गं."

त्यांचा आवाज रागाने कापत होता. वहिनी पाठ करून भिंतीकडे उभ्या राहिल्या. शकूताईंनी भावाचे हात धरले, आणि माझ्या डोळ्यांनाही काही दिसेना. व्यासजी तेवढे कामाचे निघाले. त्यांनी तबल्याच्या गवसणीची गाठ सोडली आणि हातोडी काढून तबला लावायला घेतला. म्हणाले, "मास्साब, रोना-धोना बाद में. अभी लाइट है."

आबा गायले. काय गायले याचं वर्णन मी करत नाही, मला ते येत नाही. एवढंच सांगतो की पहिल्या समेला आबा आणि व्यासजी एका जागी आले तेव्हा आबांनी डोळे उघडून शकूताईंकडे बघितलं, आणि दुसऱ्या समेला बघायची त्यांना गरज वाटली नाही. मी पेटी धरली होती, आणि देवाशपथ सांगतो, पळालो नाही. शेजारचे लोक दारात गोळा झाले. कुणीतरी मंदिरात सांगायला धावलं. पद संपलं तेव्हा आबांच्या सदऱ्याची इस्त्री पार गेली होती.

मी म्हटलं, "शकूताई, लावा आता, आम्हालाही ऐकू दे."

शकूताईंनी पडद्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग हळूच तोंडावर पदर घेतला. त्यांनी रेकॉर्डचं बटण दाबलंच नव्हतं. तारा, बफर, मासे, पहारेकरी, सगळं तपासून झालं होतं, आणि ते एक बटण राहिलं होतं. व्यासजींनी कपाळाला हात लावला. मला तर आबांकडे बघायचा धीर होईना, कारण या माणसाने आपल्या तोंडून सूर काढायला किती वर्षं घेतली होती ते मला ठाऊक होतं.

"मग त्यात काय," आबा म्हणाले. "पुन्हा म्हणतो की."

शकूताई हसायला लागल्या ते थांबेनात. हसता हसता रडल्या, रडता रडता बटण दाबलं, आणि लाइट गेली. तरीही आबा गायले, अंधारल्या खोलीत पडदे वर करून, नुसते तबल्यावर. त्या दिवशीचं शेवटी काहीच रेकॉर्ड झालं नाही. पुढे वहिनींचा निरोप आला की हल्ली आरतीला हे एवढ्या जोरात टाळ्या वाजवतात की पुजाऱ्याला घंटा ऐकू येत नाही. कॅसेट निघाली की नाही, असं लोक मला विचारतात. निघाली. पण बरीच नंतर, आणि आबा आधी मंदिरात गायला बसले, मग सवडीने माइकसमोर.

काही वर्षांनी माझी बदली पीथमपूरच्या कारखान्यात झाली आणि आम्ही देवास सोडलं. निघायच्या आदल्या दिवशी मी बसस्टँडवर काही सामान पोचवायला गेलो होतो, तर लोहारद्याच्या बसमध्ये खिडकीशी शकूताई. मांडीवर चादरीत गुंडाळलेला संगणक, पायाशी मॉनिटर. कंडक्टर म्हणत होता, "मैडम, ये डब्बा ऊपर रखवा दूँ?" आणि त्या सांगत होत्या, "नहीं भिया, ये मेरे पास बैठेगा."

"कुठे निघालात हे घेऊन?" मी खिडकीखाली जाऊन विचारलं.

"लोहारद्याला एक बाई आहेत. चांगल्या गायच्या म्हणे. कुणीतरी रेकॉर्डिंगला नेलं आणि सांगितलं, तुम्ही बेताल आहात. घरातल्यांनी पण तेच धरून ठेवलंय. तेव्हापासून ओवीसुद्धा म्हणत नाहीत."

"आणि त्या खरंच बेताल असल्या तर?"

ड्रायव्हरने इंजिन चालू केलं. शकूताईंनी संगणक जवळ ओढला.

"असल्या तर असल्या, मोरेभिया," त्या म्हणाल्या. "पण त्यांचा आवाज एकदा तरी त्यांना वेळेवर ऐकू दे."

बस हलली. मी हात वर केला. त्यांनी नुसती मान हलवली, कारण दोन्ही हात त्या डब्याभोवती गच्च होते.